ऑइल देणारी गाडी

पेट्रोलच्या टाकीला कपड्यांचा साबण फासलेला ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकातला महाराष्ट्र अर्धाच पाहिला. टाकीचा तळ गंजून पाझरायला लागला की मोरीतली वडी उचलायची, भोकावर खसाखसा घासायची, वरून अंगठ्यानं दाबायची, थेंब थांबायचा. साबण पाण्यात विरघळतो पण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे रसायनशास्त्र तेव्हा प्रत्येक मोटरसायकलवाल्याला पाठ होतं, मग शाळेत त्या विषयात त्यानं कितीही दिवे लावलेले असोत. वडी गायब झाल्यावर बायको काय म्हणायची, ते रसायनशास्त्रात येत नाही. पावसाळ्यात हा इलाज भिजायचा, त्यामुळे जून ते सप्टेंबर पुष्कळ गाड्या पेट्रोल गाळत आणि फेस काढत धावायच्या.

गळक्या पेट्रोलची भीती या पिढीला नव्हतीच. कशी असेल? तिच्या गाड्या सुरूच मुळी पेट्रोल सांडल्यावर होत. जावाच्या कार्बोरेटरवर टिकलर नावाची बारकी कळ असायची. सकाळी गाडी थंड असली की ती दाबून धरायची. आतला फ्लोट खाली बुडायचा, पेट्रोल काठोकाठ भरून बाहेर यायचं आणि फरशीवर टपटप पडलं की मग किक मारायची. थेंब पडायच्या आधी किक मारणारा तो नवशिका. पुण्याला आकुर्डीत बनणारी चेतक 1972 साली आली, तर तिला सुरू करण्याआधी आडवी झुकवायची रीत पडली. झुकवलं की कार्बोरेटरमधलं पेट्रोल हलतं, मिश्रण दाट होतं आणि रुसलेली स्कूटर उठते, असा हिशेब. कडक इस्त्रीतले बँकेचे मॅनेजरसुद्धा रोज सकाळी गल्लीत उभे राहून स्कूटरला कुशीवर निजवत, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

शिवाय ऑइल. टू-स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं असे. आधी 20 लिटरला 1 लिटर, पुढं ऑइल सुधारलं तसं 50 ला 1. पंपावर पेट्रोलच्या मशिनशेजारी टू-टीचा हातपंप असायचा आणि पोऱ्या ‘किती मारू?’ विचारायचा. टू-स्ट्रोक इंजिनाच्या खालच्या चेंबरमधून पेट्रोल आणि ऑइल एकत्रच वाहतं, क्रँकला वंगण मिळतं तेही त्याच वाटेनं. त्यामुळे त्या पिढीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: पेट्रोल आणि ऑइल यांचा रोटीबेटी व्यवहार आहे, त्यांनी एकमेकांकडे जावं-यावं, आपण मधे पडू नये.

आमचे मामा याच पिढीचे. कोल्हापूरचे, पंचगंगेकाठी थोडा ऊस, साखर कारखान्याचे जुने सभासद, आणि आता सगळ्या गल्लीचेही मामाच. त्यांचं तारुण्य येझदीवर गेलं. म्हैसूरला आधी जावा बनायची, पुढं तीच येझदी म्हणून निघू लागली आणि 1996 साली कारखानाच बंद पडला. ती बातमी ऐकून मामा दिवसभर जेवले नाहीत, असं मामी सांगते. मामांचं म्हणणं, त्या दिवशी एकादशी होती.

येझदीचे पार्ट मिळेनासे झाले तेव्हा मामांनी नाइलाजानं फोर-स्ट्रोक घेतली. शंभर सीसीची, शांत, गरीब स्वभावाची. 1985 साली हिरो होंडाच्या सीडी-100 ची एक जाहिरात फार गाजली होती: पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा. मामांची गाडी कुठल्या कंपनीची ते मी सांगणार नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नाही. पण जाहिरात मामांनी मनापासून पाळली. त्यांनी पेट्रोल भरलं, झाकण लावलं आणि कॉक बंद करायचा असतो हे जन्मभरासाठी विसरले. ‘गाडी लावली की कॉक बंद करावा,’ असं मी एकदा म्हणालो होतो. त्यावर ते म्हणाले, “लेका, सकाळी परत उघडायचाच हाय न्हवं?”

इथं थोडं इंजिन सांगावं लागतं. कार्बोरेटरच्या पोटात एक वाटी असते. तिच्यात पेट्रोल येतं, फ्लोट त्यावर तरंगत वर चढतो, आणि पुरेसं पेट्रोल झालं की एका सुईला वर ढकलून येणारी वाट बंद करतो. इंजिनानं पेट्रोल प्यायलं की फ्लोट खाली, सुई खाली, वाट उघडी. सगळी व्यवस्था त्या सुईच्या रबरी टोकावर. ते झिजलं, ताठरलं किंवा त्याच्या सीटमध्ये टाकीतल्या गंजाचा कण अडकला, की सुई बसतच नाही. वरची टाकी भरलेली, कॉक उघडा. पेट्रोल येतच राहतं. अशा वेळेसाठी वाटीला एक ओव्हरफ्लोची नळी दिलेली असते. जास्तीचं पेट्रोल तिच्यातून खाली जमिनीवर पडतं. मालकाला वास येतो, थेंब दिसतो, तो गाडी मिस्त्रीकडे नेतो. निदान ज्यानं नळी बसवली त्याची तशी अपेक्षा असावी. त्यानं कोल्हापूर पाहिलं नसणार.

मामांच्या सोप्यात थेंब पडायला लागला तेव्हा त्यांना बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी टिकलरची आठवण आली म्हणे. मग त्यांनी नळीखाली मामीची स्टीलची वाटी ठेवली. सकाळी वाटीत जमलेलं पेट्रोल परत टाकीत. हे काही दिवस चाललं. वाटीत एकदा मामीनं न बघता दही लावलं, तो प्रसंग मी सोडून देतो, कारण दोन्ही बाजू अजून आपापल्या म्हणण्यावर ठाम आहेत.

मामीची तक्रार वेगळी होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड; ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत सरपटत घरभर जाते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण सोप्यातला वास देव्हाऱ्यापर्यंत येतोय आणि देव्हाऱ्यात समई आहे, एवढं तिला पुरेसं होतं. “मी आता दिवा लावू का गाडी ठेवू, ते एकदा ठरवा,” ती म्हणाली. मामांनी ठरवलं. त्यांनी डब्यातून एक स्क्रू शोधला, त्याला एम-सील गुंडाळलं आणि ओव्हरफ्लोची नळी खालून ठोकून बंद केली.

थेंब थांबला. वास थांबला. समई लागली. मामा म्हणाले, “ह्याला म्हणायचं इंजिनिअरिंग.” आणि पुढचे काही दिवस, गॅरेजमधले लोक साध्या साध्या कामाचे कसे पैसे उकळतात, या विषयावर गल्लीतल्या कट्ट्यावर त्यांची व्याख्यानं झाली.

पेट्रोल मात्र थांबलं नव्हतं, त्यानं रस्ता बदलला होता. वाटी भरली, खालची वाट बंद; मग ते चढून आत इंजिनाच्या तोंडात जाऊ लागलं. व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर थेट सिलिंडरमध्ये, तिथून रिंगांच्या फटीतून पिस्टनखाली, आणि पिस्टनखाली असतं ते फोर-स्ट्रोकचं चेंबर. टू-स्ट्रोकमध्ये तिथं पेट्रोल चालतं, तो त्याचा रस्ताच असतो. फोर-स्ट्रोकमध्ये तिथं फक्त ऑइल असायला हवं. क्रँक, रॉडचं बेअरिंग, कॅम, सगळे त्या ऑइलच्या पातळ पापुद्र्यावर फिरत असतात. त्यात पेट्रोल मिसळलं की पापुद्रा फाटतो आणि लोखंड लोखंडाला भेटतं.

ही भेट व्हायच्या आधी मामांच्या आयुष्यात भरभराटीचा एक काळ येऊन गेला.

झालं असं, की दर अमावास्येला मामा ऑइलची कांडी काढून बघतात. कांडी म्हणजे ऑइलच्या झाकणालाच जोडलेली पट्टी. तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन खुणा. इतक्या वर्षांत ऑइल खालच्या खुणेकडे गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. या खेपेला ते वरच्या खुणेच्याही वर होतं. मामांनी कांडी बनियनला पुसली, परत घातली, परत काढली. वरच. पुढच्या आठवड्यात आणखी वर.

जगातल्या गाड्या ऑइल खातात. शेजारच्यांची बुलेट तर मामांच्या मते पेट्रोलपेक्षा ऑइलच जास्त पिते. आणि इथं आपली साधी शंभर सीसीची गाडी, हू नाही की चू नाही, ऑइल वाढवतेय. मामा माणसं आणून दाखवू लागले. कांडी काढायची, उजेडात धरायची. “बघा. एक थेंब घातलेला न्हाई.” बुलेटवाले शेजारी दोनदा बघून गेले आणि त्यांचं तोंड उतरलं. गल्लीत राहणारे निवृत्त सर, ज्यांनी अर्ध्या गल्लीला पदार्थविज्ञान शिकवलं, ते म्हणाले, “मामा, पदार्थ नव्यानं निर्माण होत नाही. कुठून तरी आलेला असतो.” मामा शांतपणे म्हणाले, “ते शाळेत, सर.”

गाडीही मऊ पळायला लागली होती. यात खोटं काही नव्हतं. ऑइल पातळ झालं की आतला विरोध कमी होतो आणि मरायच्या आधी इंजिन काही दिवस फार छान वागतं. अ‍ॅव्हरेज घसरलं, पण त्याचं उत्तर तयार होतं: पंपवाला मापात मारतो. आपल्या नेहमीच्या पंपावर माप कमी मिळतं, ही प्रत्येक मराठी माणसाची खाजगी खात्री आहे. तरीही तो पंप बदलत नाही. मागून काळा धूर येऊ लागला तर तालमीतली पोरं ओरडायची, “जाळ आन् धूर संगटच, मामा!” मामा हात वर करून ते स्वीकारायचे.

मग आवाज आला. टक, टक, टक. गाडीचा वेग वाढेल तसा वाढणारा. कट्ट्यावर बैठक बसली. आपल्याकडे इंजिनाचं निदान ठरलेलं असतं: आवाज आला तर टॅपेट, धूर आला तर रिंगा, सुरू झाली नाही तर प्लग. चौथा आजार अजून कुणाला माहीत नाही. शिवाय हे कोल्हापूर. इथल्या शिवाजी उद्यमनगरात पिढ्यान् पिढ्या इंजिनं बनवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेल्या आहेत. ज्याचा स्वतःचा लेथ नाही त्याच्या मेव्हण्याचा आहे. त्यामुळे मत देण्याचा अधिकार सर्वांनाच. एसटीतून निवृत्त झालेल्या एका फिटरनं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकलं, डोळे मिटले आणि सांगितलं, “खालून येतंय.” टॅपेट वर असतात. पण बहुमत टॅपेटच्या बाजूनं होतं, आणि फिटर एकटे पडले.

शेवट एका सकाळी झाला. मामांनी किकवर पाय ठेवला, वजन टाकलं, आणि किक जागची हलेना. मामा किकवर उभे राहिले. किक तशीच. मामांचं वजन चांगलं आहे.

आत काय झालं होतं ते कागदावर मांडता येतं. शंभर सीसीच्या इंजिनात पिस्टन अगदी वर येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर जेमतेम बारा-तेरा सीसी जागा उरते, म्हणजे खोकल्याच्या औषधाचं एखादं झाकण. एवढ्या जागेत हवा आणि पेट्रोलची वाफ दाबून बसते, कारण वायू दबतो. द्रव दबत नाही. रात्रभरात झाकणभरापेक्षा जास्त पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरलं, आणि आता पिस्टनला वर यायला जागाच नव्हती. अशा वेळी करायचं ते सोपं: प्लग काढायचा, विस्तव लांब ठेवायचा, हळूच किक मारून पेट्रोल बाहेर काढायचं आणि गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्यायची. आणि चुकूनही करायचं नाही असं एकच आहे.

“ढकलून सुरू करूया की मामा!” तालमीतली पोरं म्हणाली.

तालमीतली पोरं म्हणजे सकाळी जोर-बैठका काढून, दूध पिऊन आलेली. त्यांना ढकलायला काहीतरी हवंच असतं. मामा वर बसले, क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला. पोरांनी गंगावेशीच्या उतारावर अशी काही गाडी सोडली की मामांची टोपी मागं राहिली. भरवेगात मामांनी क्लच सोडला. आवाज आला तो टक नव्हता. ‘टण्ण’ असा, कोरडा आणि एकदाच. मागचं चाक जागीच थांबलं, गाडी घसरत गेली, आणि मामा हँडलला धरून उभे राहिले. सरांनी गॅलरीतून विचारलं, “कुठून तरी आलं ना?” सरांचा हा गुण मला कधीच आवडला नाही.

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत मामांचे मिस्त्री आहेत. येझदीच्या काळापासूनचे. फार बोलत नाहीत. त्यांनी विडी ओढत ओढत गाडी पाहिली, ऑइलची कांडी उपसली, नाकाशी नेली, आणि काही न बोलता विडी विझवली. पोऱ्यालाही हातानं खूण केली, त्यानं वेल्डिंगचं काम चाललं होतं तिकडं पळत जाऊन ते थांबवलं. मोठ्या दवाखान्यांतून जे निदान तीन तपासण्यांनंतर होतं, ते इथं एका विडीत झालं.

खालचा नट काढला. नऊशे मिली ऑइलचं इंजिन. ट्रे भरला, मग दुसरा डबा लावावा लागला, त्यातही पडतच राहिलं. मामांच्या चेहऱ्यावर, खरं सांगतो, अजूनही अभिमान होता. “बघा, म्हणत नव्हतो मी?” मिस्त्रींनी ट्रेमध्ये बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं. बोटांवर काही उरलं नाही.

“मामा, हे ऑइल न्हवं. पेट्रोलला ऑइलचा वास आलाय.”

“आवो, पण येझदीत तर दोन्ही एकत्रच…”

“येझदी व्हती ती.”

एवढ्यावर टू-स्ट्रोक युगाचा खटला निकाली निघाला. मग इंजिन उतरवलं. इंजिन खोलताना मालकानं समोर बसायचं असतं. गॅरेजवाल्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तर प्रत्येक निघालेला भाग मालकाच्या हातात द्यायची पद्धत आहे म्हणून. वर्तमानपत्र अंथरलं. हेड आलं. कॅमच्या उंचवट्यांवर नखानं जाणवतील असे ओरखडे. बोअर निघालं, आत बोट फिरवलं तर उभ्या रेघा. पिस्टनच्या अंगावरही त्याच. मग चेंबर फोडलं आणि कनेक्टिंग रॉड. मिस्त्रींनी तो सपाट काचेवर ठेवला आणि खालून उजेड दिसतो का ते मामांना बघायला सांगितलं. मामा गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून बघत राहिले. उजेड दिसत होता. बिग एंडचं बेअरिंग हातानं हलवलं तर खुळखुळलं. टॅपेट मात्र ठणठणीत होते. एसटीवाल्या फिटरना हे कळवण्याची तसदी गल्लीत कुणी घेतली नाही.

सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. मिस्त्रींनी वाटी उघडली आणि ओव्हरफ्लोच्या नळीत तार घातली. तार जाईना. त्यांनी नळीचं तोंड पक्कडीनं पकडून फिरवलं, आणि एम-सीलच्या कवचासह स्क्रू बाहेर आला. गॅरेजमध्ये शांतता पसरली.

“हे कुणी केलं?” मिस्त्रींनी विचारलं.

मामा स्क्रूकडे नवलानं बघत म्हणाले, “कुणी पोरासोरानं केलं असंल.”

मामी बँकेतून येता येता तिथं थांबली होती. ती म्हणाली, “व्हय. पोर पुढच्या वर्षी सत्तरीत जाईल.”

सुई मिस्त्रींनी मामांच्या तळव्यावर ठेवली. तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी. तिचं काळं रबरी टोक फुगून वेडंवाकडं झालं होतं. मिस्त्रींचं मत स्पष्ट होतं: जुन्या गाड्यांची रबरं जुन्या पेट्रोलसाठी केलेली, आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते रबर फुगवतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीला आतून गंज धरतो आणि तोच गंज खाली येऊन सीटमध्ये अडकतो. पेट्रोलमधलं इथेनॉल 2022 च्या जूनमध्ये 10 टक्क्यांवर आलं आणि 2025 पर्यंत 20 वर गेलं. तेवढ्या काळात आपल्याकडे कार्बोरेटरच्या कामाला सवड राहिली नाही, असा त्यांचा अनुभव.

मामांना इथेनॉल हा सरकारचा काहीतरी डाव वाटला. “हे घालतंय कोण पण?”

“तुम्हीच की.”

“मी?”

“ऊस कारखान्याला कोण घालतंय? साखर थोडी, इथेनॉल बाकी. तुमच्याच उसानं तुमची सुई खाल्ली मामा.”

मामा पुष्कळ वेळ गप्प बसले. कारखान्याच्या वार्षिक सभेत इथेनॉलच्या प्रकल्पाला हात वर केलेल्यांत ते पहिल्या रांगेत होते. त्यानंतर मात्र त्यांनी इथेनॉलविरुद्ध एक शब्द काढला नाही. उलट चहा मागवला.

दुरुस्तीचा पुढचा भाग उद्यमनगरचा, आणि मला विचाराल तर त्या सगळ्या प्रकरणातला तोच बघण्यासारखा. बोअर लेथवाल्याकडे गेलं. रेघा जाईपर्यंत आतून खरवडायचं, मग होनिंग करून बारीक जाळी उमटवायची म्हणजे ऑइल तिथं धरून राहतं, आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालायचा. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरनं वाढत जातात. आपल्याला पहिलाच लागला: 50 मिलिमीटरचं बोअर 50.25 झालं. लेथवाला गृहस्थ डोळ्यांत तेल घालून गेजकडे बघत होता आणि मधूनच थांबून सहजपणे राजकारण बोलत होता. पलीकडं प्रेसवर क्रँक दाबून वाकडा रॉड काढला, नवा रॉड, नवी पिन, नवं बेअरिंग. जोडलेला क्रँक मग दोन टोकांवर टांगून फिरवायचा आणि डायलचा काटा किती हलतो ते बघायचं. जास्त हलला तर तांब्याच्या हातोडीनं एकच टोला. तो टोला नेमका कुठं आणि किती जोरात मारायचा, हे शिकवणारं पुस्तक मी अजून पाहिलेलं नाही. म्हाताऱ्या कारागिरानं दोन टोल्यांत काटा झोपवला आणि तंबाखू मळायला घेतली.

मामांना मात्र एकाच गोष्टीत रस होता. “बोअर मोठं झालं म्हणजे सीसी वाढला का?”

मिस्त्री म्हणाले, “वाढला. एक सीसी.”

“टॅक्स?”

“न्हाई वाढत.”

मामांचा चेहरा खुलला. सीसी वाढून टॅक्स न वाढल्याचा आनंद त्यांना रॉड वाकल्याच्या दुःखापेक्षा कितीतरी जास्त झाला, आणि त्याच संध्याकाळी कट्ट्यावर बुलेटवाल्यांच्या देखत त्यांनी तो जाहीर केला.

मग तो सनातन प्रश्न. “कंपनीचं घालू का बाहेरचं?” याला मराठी माणसाचं उत्तर एकच असतं: “फरक काय?” फरक किमतीत निम्म्याचा. “चालेल का पण बाहेरचं?” “चालतंय की.” “आणि कंपनीचं?” “ते तर चालतंयच.” या संवादातून आजवर कुणालाही काही माहिती मिळालेली नाही, तरी तो झाल्याशिवाय कामाला हात लागत नाही. शेवटी मामीनं ठरवलं. पिस्टन आणि रॉड कंपनीचे. पॅकिंग आणि सील सगळी नवी. सुई आणि सीट, दोन्ही नवीन, कंपनीचीच, आणि आणखी एक सुई तिनं पर्समध्ये टाकली.

बिल पिस्टनच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं झालं. बोअरिंग, होनिंग, पिस्टन, रिंगा, रॉड किट, प्रेस, कॅम, व्हॉल्व्ह लॅपिंग, पॅकिंग सेट, ऑइल, मजुरी आणि ‘किरकोळ’. किरकोळमध्ये काय येतं ते विचारायचं नसतं. सुईची ओळ सगळ्यात खाली होती आणि तिची किंमत आमच्या चहाच्या बिलापेक्षा कमी होती. मामांनी नेमक्या त्याच ओळीवर घासाघीस केली.

हे असं काम आता फार दिवस राहणार नाही, असं मिस्त्री म्हणाले. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. आता पेट्रोल मोजून मारतं ते इंजेक्टर, त्याला सांगतो तो कॉम्प्युटर. कॉक नाही, रिझर्व्ह नाही, चोक नाही, फ्लोट नाही. बिघडलं की लॅपटॉप लावायचा आणि तो सांगेल तो भाग बदलायचा. “लॅपटॉपला वास येत न्हाई,” मिस्त्री म्हणाले. ही गोष्ट ते दुःखानं म्हणाले की आशेनं, ते मला कळलं नाही.

घरी कॉकचा कारभार मामीनं स्वतःकडे घेतला. रात्री झोपताना ती आधी गॅसचा कॉक बंद करते, मग सोप्यात जाऊन गाडीचा. मामा सकाळी कॉक न उघडता निघतात, कार्बोरेटरमधलं होतं तेवढं पेट्रोल संपेपर्यंत जातात आणि कोपऱ्यावर गाडी बंद पडली की खाली वाकून उघडतात. रोज. कोपऱ्यावरचा पानवाला त्यावरून घड्याळ लावतो.

मिस्त्रींची शेवटची ताकीद रनिंगची होती. पहिले 500 किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही, ताणायची नाही, मग ऑइल बदलायला आणायची. मामांनी ही ताकीद कधी नव्हे ती पाळली, आणि रनिंग पुरं करायला मला मागं बसवून कारखान्याच्या रस्त्याला काढलं. गळीत हंगाम जोरात होता. पुढं उसानं काठोकाठ भरलेला ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, वर स्पीकर आणि गाणी अशी की इंजिनाचा आवाज आपल्यालाच ऐकू येऊ नये. एरवी मामांनी त्याला हॉर्न मारून मारून बेजार केलं असतं. त्या दिवशी ते वीसच्या वेगानं शांतपणे त्याच्या मागं चालले होते. गावाच्या वळणावर ट्रॅक्टर मंदावला, शाळेतून सुटलेली चार-पाच पोरं धावत आली आणि मागच्या ट्रॉलीतले ऊस ओढायला लागली. हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे; मामांनीही लहानपणी तेच केलं आहे, आणि आजवर रस्त्यात पोरं दिसली की ते मुद्दाम गाडी सावकाश करून त्यांना वाट द्यायचे.

या वेळी मामा रिकिबीवर उभे राहिले आणि सगळी गाणी बुडतील अशा आवाजात ओरडले, “सोडा रं भाड्यांनो! माझं पेट्रोल हाय ते!”